कोरड्या विहिरीचा पंचनामा

माळसांगवी, मार्गे सिरसाळा
२ मार्च १९८७

चि. वत्सलास विठ्ठलकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सोसायटीच्या ऑफिसात चार माणसं बसलेली होती, त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं. बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीवर तुमचं मंडळ अभ्यास करतंय आणि त्यासाठी तू आपल्या गावात येणार, हे ऐकून सगळे लई हसले. पोस्टमन म्हणाला, "चेअरमनसाहेब, आता आपल्या बायका तपासायला औरंगाबादहून बाई येणार म्हणा की." मी म्हणालो, येऊ द्या, माझी पुतणी हाय, परकी न्हाई.

आश्रुबा गेला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. भावाची पोर म्हणून तुला मी शिकवलं. लोक इचारायचे, पोरीला कावून शिकवता? मी म्हणायचो, शिकू द्या, लग्नात उपयोगी पडंल. लग्न तर तू केलंच न्हाई. आता शिक्षणाचा उपयोग असा चाललाय.

आमच्या गावात बाईवर कुणी हात टाकत न्हाई, असं मी म्हणत न्हाई. टाकतात. चार चापट्या कुठल्या घरात बसत न्हाईत? त्यावर जाड पुस्तकं लिहायची वेळ आली म्हणजे तुम्हा प्राध्यापकांना कामधंदा न्हाई, एवढाच त्याचा अर्थ.

खरा अभ्यास करायचा तर दुष्काळाचा कर. गावच्या चौदा विहिरी, चौदाही कोरड्या. सोसायटीच्या ठरावात मी स्वतः लिहून दिलं, की गावात एकाही विहिरीत चिमणी न्हाईल इतकंबी पाणी न्हाई. टँकर मंजूर करून आणला. शेजारच्या गावांचे सरपंच अजून कचेरीत चकरा मारतायत. चारा डेपोही मीच खेचून आणला. ओळखीत कुणी पेपरवाला असंल तर हे छापून आण. बायकांच्या रडगाण्यापेक्षा बरं.

ये. मेहमान म्हणून ये.

तुझा काका,
विठ्ठलराव


औरंगाबाद
२१ मार्च १९८७

ती. काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

पाच दिवस ठेवून घेतलंत, काकूंनी प्रेमानं खाऊ घातलं, त्याबद्दल आभारी आहे. अभ्यासाचं म्हणाल तर तो तुम्हीच करून टाकलात. बायकांना सोसायटीच्या ओट्यावर बोलावलंत आणि समोर स्वतः खुर्ची टाकून बसलात. तेहतीस बायकांनी तेहतीस वेळा सांगितलं, "आमचं समदं बरं हाय." शेवटच्या बाईनं तर मी तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकलं.

पण चौथ्या दिवशी मी टँकरच्या रांगेत जाऊन बसले. टँकर अकराला येणार होता, आला तीनला. चार तास बायका घागरी मांडून उन्हात बसल्या होत्या. तिथं खुर्ची नव्हती. तिथं जे ऐकलं ते सगळं इथं लिहीत नाही, एकच लिहिते.

तुमच्या भाच्याची, धोंडीरामची बायको सुंदर माझ्या शेजारी बसली होती. तिचा उजवा हात मनगटाशी वाकडा जुळलाय. आधी म्हणाली, बैलगाडीवरून पडले. मग बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, "ताई, तिकडं औरंगाबादला एकल्या बाया ऱ्हात्यात का? त्यांना कुणी काय म्हणत न्हाई का?" मी म्हटलं, राहतात, मीच राहते. ती म्हणाली, "लेकराला घेऊन ऱ्हाता येतं का?" मग तिनं सांगितलं, की दूध सोसायटीतून आला की धोंडीराम तिला मारतो. पाणी कमी पडलं तर मारतो, आणि रांगेत उशीर झाला तर रांगेत कुणाशी बोलत होतीस म्हणून मारतो. हात त्यानंच मोडलाय. पाच वर्षं झाली लग्नाला, यंदा त्याचं हात उचलणं फार वाढलंय असं म्हणाली.

काका, धोंडीराम तुमच्या शब्दाबाहेर नाही. दूध सोसायटीत सेक्रेटरी तो तुमच्यामुळे आहे. सुंदरला आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला महिनाभर माझ्याकडे पाठवा. हाताचं ऑपरेशन करायचंय असं सांगा. तुम्ही मनात आणलंत तर आठवड्यात होईल. तुमच्याशी आपलेपणानं बोलतेय, म्हणून हे लिहिलं.

तुमची,
वत्सला


माळसांगवी
२ एप्रिल १९८७

चि. वत्सलास आशीर्वाद.

तुझ्या पत्राप्रमाणे काम केलं. धोंडीरामला घरी बोलावलं, सुंदरलाबी बोलावलं. ओसरीवर बसवून तुझं पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, म्हणजे उगाच कुणी म्हणायला नको की चेअरमननं मनानं काही जोडलं. धोंडीरामला चांगली समज दिली. तोबी हसला, म्हणाला, "मामा, हिला औरंगाबाद बघायचंय तर मीच दाखवीन की." सुंदरला इचारलं, तुला जायचंय का? ती म्हणाली, न्हाई. तुला जे सांगितलं ते खरं का? ती म्हणाली, न्हाई.

बघ. तुझा चार तासांचा अभ्यास माझ्या ओसरीवर चार मिनिटांत निकाली निघाला. रांगेत बसलेल्या बाया वेळ घालवायला काहीबी बोलतात. तू ते कागदावर उतरवतेस आणि त्याला शास्त्र म्हणतेस.

टँकर आता तीन दिवसांनी येतो. परवा घागरीवरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. यावर तुमचं मंडळ काय म्हणतं? बाईनं बाईला मारलं तर त्याला कुठल्या रकान्यात टाकता?

विठ्ठलराव


माळसांगवी
१५ एप्रिल १९८७

चि. वत्सलास आशीर्वाद.

कळविण्यास वाईट वाटतं की धोंडीरामची बायको सुंदर ता. १० रोजी विहिरीत पडून वारली. पाणी शेंदताना पाय घसरला. फौजदारसाहेब आले होते, पंचनामा झाला, पंच म्हणून माझीबी सही हाय. आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद झाली. त्याच दिवशी सांजेच्या आत अग्नी दिला. मुलीला तिच्या आजोळी उमापूरला पोचवलं.

दहावा, तेरावा सगळं रीतीनं होईल. तू येऊ नकोस. धोंडीराम लई खचलाय, लोकांची तोंडं धरता येत न्हाईत, त्यात तू आणखी वाढवशील.

विठ्ठलराव


औरंगाबाद
२० एप्रिल १९८७

काका,

कोणत्या विहिरीत?

तुमचं २ मार्चचं पत्र माझ्यासमोर आहे. गावच्या चौदा विहिरी, चौदाही कोरड्या. हे मी म्हणत नाही, तुम्ही म्हणता, सोसायटीच्या ठरावात म्हणता, सरकारला लिहून देता. मार्चमध्ये मी गावात होते तेव्हा तुमच्या मळ्यातल्या विहिरीच्या तळाला पोरं गोट्या खेळत होती. २ एप्रिलला तुम्हीच लिहिलंत, टँकर तीन दिवसांनी येतो. मग १० एप्रिलला सुंदर कुठलं पाणी शेंदत होती? आठ दिवसांत कुठल्या विहिरीला पाझर फुटला? फुटलाच असेल तर टँकर परत पाठवलात का?

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई मेली. असं कलेवर शवविच्छेदनाशिवाय जाळता येत नाही, हा कायदा होऊन चार वर्षं झाली. तुमच्या फौजदारसाहेबांना तो माहीत नसेल तर आमचं मंडळ त्यांना छापील प्रत पाठवेल.

आणि आता माझं. मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. तिनं मला जे कानात सांगितलं, ते मी शाईनं लिहून तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते तिच्या नवऱ्यासमोर तिला ऐकवलंत. तुमची पत्रं मोठ्यानं वाचायची सवय मला माहीत होती. पहिल्याच पत्रात तुम्ही ती अभिमानानं कळवली होतीत. मी वाचलं, हसले आणि विसरले. इतकी शिकलेली बाई इतकी मूर्ख असू शकते, याचा दाखला हवा असेल तर माझं नाव द्या.

वत्सला


माळसांगवी
४ मे १९८७

वत्सला,

तू लई शहाणी झालीस. काकाला कायदा शिकवायला लागलीस.

विहीर धोंडीरामच्या मळ्यातली. तळाला डबकं साचलेलं होतं. डबक्यातबी माणूस बुडतं, तोंडघशी पडलं तर. हे मी म्हणत न्हाई, पाच पंच म्हणतात. त्यातला गहिनीनाथ गुरव देवाचं करणारा माणूस हाय. त्याच्यावर तुझा विश्वास न्हाई, रांगेतल्या बायांवर हाय.

आणि धोंडीरामच्या डोक्यात राख कुणी घातली? त्याच्या बायकोनं परक्या शहरात पळून जायचं मनात आणलं, हे त्याला कुणामुळं कळलं? ते पत्र मी लिहिलेलं न्हाई. तुझी सही हाय त्याच्यावर. उद्या कोर्टात गेलीस तर ते पत्रबी घेऊन जा, मग बघू लोक कुणाला नावं ठेवतात.

तुम्हा बायांना वाटतं, दोन पुस्तकं वाचली की गाव कळलं. मी निजामाच्या राज्यात उर्दू चौथी शिकलो आणि बावीस वर्षं सोसायटी चालवतोय, कारखान्याच्या बोर्डावर बसतोय. मला एक माणूस दाखव जो माझ्याविरुद्ध जबाब देईल. बाई तर सोडच.

विठ्ठलराव


औरंगाबाद
१९ जुलै १९८७

श्री. विठ्ठलराव यांस,

यापुढे तुम्हाला काका म्हणायला जमत नाही, म्हणून असं लिहिते.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन महिने गप्प बसले, ते घाबरून नाही. आपल्या भागातल्या दोन पोलीस ठाण्यांतली आकस्मिक मृत्यूची रजिस्टरं वाचत होते. परवानगी मिळवायला तीन आठवडे गेले. तिथला हवालदार रोज म्हणायचा, "बाई, मेलेल्यांचं काय वाचता?" शेवटी त्यानंच पंखा माझ्याकडे वळवून दिला.

मागच्या चांगल्या पावसाच्या वर्षी या दोन ठाण्यांत तिशीच्या आतल्या नऊ विवाहित बायका विहिरीत बुडाल्या. यंदा दुष्काळात तेवीस बुडाल्या. आपल्याकडे पाणी आटलं की बायका बुडायला लागतात, असं तुमच्या पंचनाम्यांचं शास्त्र सांगतं. तेवीसही पंचनाम्यांत एकच वाक्य आहे: "पाणी शेंदत असता पाय घसरून." अक्षर वेगळं, सह्या वेगळ्या, पाय मात्र सगळ्यांचे सारखेच घसरलेत. तेवीसपैकी एकोणीस जणींच्या गावांत त्या तारखांना टँकर चालू होता.

सुंदरच्या पंचनाम्यात "विहिरीत अंदाजे दोन पुरुष पाणी" असं लिहिलंय, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं. तुम्ही मला डबकं लिहिलंत, फौजदारांना दोन पुरुष पाणी सांगितलंत, आणि जिल्ह्याला चिमणीपुरतंही पाणी नाही म्हणून कळवलंत. तिन्हीवर सही तुमचीच. मी तुमच्याविरुद्ध जबाब देणारा माणूस शोधत होते, तो तुम्हीच निघालात.

ठरावाची नक्कल, पंचनाम्याची नक्कल आणि तुमची पत्रं मी बीडला कलेक्टर कचेरीत दिली आहेत. माझं २१ मार्चचं पत्रही दिलंय, तुमच्या सल्ल्याप्रमाणे. माझ्यावर लोक काय बोलतील ते बोलू देत. त्यातलं निम्मं खरं असेल.

वत्सला आश्रुबा


माळसांगवी
३ ऑगस्ट १९८७

बाई वत्सला यांस,

तुमचे अर्जफाटे चालू द्या. तहसीलदार चौकशीला येणार अशी नोटीस आली. येऊ द्या. मंडप टाकतो, चहा करतो. चौकशी मागच्याबी वर्षी डेपोची झाली होती, चौकशीवाले ढेकर देऊन गेले.

कागदाला कागद दाखवता येतो. ठरावात कारकुनाची चूक झाली म्हणू. माणूस लागतं, बाई, उभं राहून बोलणारं माणूस. माळसांगवीत ते तुम्हाला मिळणार न्हाई. ही माझी खात्री हाय, कारण हे गाव मी घडवलंय.

आपला संबंध संपला.

विठ्ठलराव
चेअरमन


माळसांगवी
२७ सप्टेंबर १९८७

वत्सले,

मी छबुबाई, तुजी काकू. लिहिणारी अंगणवाडीची गीताबाई हाय. मी सांगते तसंच लिही म्हणलंय, सुधारू नको म्हणलंय.

दहा दिवस झाले, बेस्तरवारी तहसीलदार आला. शाळेफुडं मंडप, खुर्च्या, चहा. आमच्या ह्यांनी फेटा बांधला होता, लगीन असल्यागत. पाच पंचांनी पाच येळा तेच सांगितलं. त्यो गहिनीनाथ तर देवाची शपथ घ्यायला निघाला, तहसीलदारच म्हणला, राहू द्या. मग त्यानं इचारलं, बायकांपैकी कुणाला काही सांगायचंय का? आमचे हे म्हणले, "बायांना काय इचारता साहेब, त्यांना काय कळतंय, त्या घाबरत्यात."

मी उठले. का उठले ते मला ठाव न्हाई. घरून निघताना ठरवून गेलते असं न्हाई. पर ते "काय कळतंय" म्हणले आन् माजे पाय उठले.

तहसीलदार म्हणला, "तुम्ही कोण?"

मी म्हणलं, "चेअरमनची बायको."

हे म्हणले, "खाली बस." मी बसले न्हाई.

मी सांगितलं, साहेब, सुंदर मेली त्या दिवशी आमी पाच जणींनी तिला न्हाणलं. मी, केशरबाई, रुक्मिणीबाई, म्हाळूची माय आन् तिची सासू दगडाबाई. तिला मळ्यातून आणलंच न्हाई, ती घरातच बाजंवर होती. लुगडं कोरडं. केस कोरडे, तेल लावलेलं तसंच. पायाला चिखल न्हाई. बुडून मेली म्हणत्यात, आन् तिला न्हाणायला आमाला टँकरच्या पाण्यातली अर्धी घागर आणावी लागली, साहेब. तीबी शेजारणीकडून मागून. गळ्याला दोन्ही बाजूंनी निळं होतं, बोटं मोजता येत होती. मी पदरानं झाकलं. माज्या हातानं झाकलं.

तहसीलदार म्हणला, "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

मी म्हणलं, "पाच पुरुष बोलावून सह्या घेतल्या, त्यांच्यातल्या एकानंबी तिचं अंग बघितलं नव्हतं. ज्या पाच जणींनी बघितलं त्यांना पाच म्हैन्यांत कुणी इचारलं न्हाई. फौजदारानं न्हाई, तुमीबी आज पैल्यांदा इचारताय. आन् मी भेले हुते. तेबी लिहा."

मग केशरबाई उठली. मग रुक्मिणीबाई. म्हाळूची माय उठली आन् रडायलाच लागली, तिला बोलता येईना, नुसती मान हलवत हुती, ती मानबी साहेबानं लिवून घेतली. दगडाबाई उठली न्हाई. ती म्हणली, मला म्हातारीला दिसत न्हाई. टँकरच्या रांगेत तिला सगळ्यांच्या फुडची जागा बराबर दिसती.

सोमवारी धोंडीरामला नेलं. कदी सुटंल सांगता येत न्हाई, त्याला वकील हाय. आमचे हे अजून चेअरमन हायत, त्यांचं कुणी काय केलं न्हाई. फक्त लोक आता ओसरीवर कमी येत्यात. घरी आल्यावर मला म्हणले, "या घरात ऱ्हायचं तर तोंड बंद ठिवायचं." मी म्हणलं, "बेचाळीस वर्सं बंदच हुतं. तुमी त्यातून काय मिळवलं? भाचा खुनी निघाला." त्यांनी हात उचलला, नेहमीसारखा. मी म्हणलं, "मारा. पर यंदा मी पाय घसरून पडले तर तिघी जणी बोलणाऱ्या हायत." त्यांनी हात खाली घेतला. तवापासून बोलत न्हाईत. घरात लई निवांत वाटतंय.

आता तुला सांगते. तुजं लई नाव घेत्यात, तू कागद शोधले म्हणून चौकशी आली, ते खरं हाय. पर तू बाईचं बोलणं पुरुषाच्या हाती कावून दिलंस? त्यांनी ते वाचलं तवा मी चहा देत हुते. सुंदर दाराला टेकून उभी हुती. तिनं माज्याकडं बघितलं. मी कपबशा उचलून आत गेले. तुजी चूक तू साहेबाला कळवलीस म्हणं, माजी मी मंडपात सांगितली न्हाई, ती तुला सांगते.

आन् आणखी एक. तू पाच दिवस माज्या घरात ऱ्हायलीस. तेहतीस बायांना इचारलंस, रांगेत बसून इचारलंस. मी तुला दोन्ही येळा भाकरी वाढत हुते. मला एक सवाल इचारला न्हाईस. चेअरमनची बायको, हिला काय दुख असंल, असंच ना? तुज्या काकानं बी तेच धरलं, तूबी तेच धरलंस. शिकून तुज्यात आन् त्यांच्यात काय फरक पडला?

मनाला लावून घेऊ नको. लावून घेतलंस तरी चालंल.

दिवाळीला ये. आल्यावर ओसरीवर ह्यांच्याफुडं बसू नको. सरळ आत ये, चुलीपाशी बस. मला लई बोलायचंय.

तुजी काकू,
छबुबाई
(हा अंगठा न्हाई. गीताबाईनं हात धरला, पर नाव मी लिवलंय.)